आठ महिने अनामत

७ फेब्रुवारी, शनिवार. रक्कम एक लाख त्र्याहत्तर हजार नऊशे चार रुपये. हजर: आई, बायको, पासबुकाच्या काउंटरवरच्या बाई आणि मी. जागा बेंगळुरूच्या चिकपेटमधली आईच्या बँकेची शाखा. वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

ही रक्कम मीच पाठवलेली होती. मस्कतहून, आठ महिन्यांत आठ वेळा, दर वेळी शंभर रियाल. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते आणि पैसे त्यासाठीच होते. उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आणखी लांबवलंत तर तो पिकून कडक होईल, मग ऑपरेशन सोपं राहणार नाही. मी दर आठवड्याला फोनवर विचारायचो, "तारीख घेतलीस का?" आणि ती म्हणायची, "घेऊ की. डोळे कुठं पळून चाललेत?"

त्या शनिवारी पासबुक मशीनमधून बाहेर आलं, मी ते हातात घेतलं आणि मला कळलं की आठ महिन्यांत तिने त्यातला एक रुपयाही काढलेला नाही.

"आई, हे सगळं इथंच आहे."

"मग कुठं असणार?"

"काढले का नाहीस?"

"ते अनामत आहेत," आई म्हणाली.

हे असं का झालं ते समजायला मला आधी माझीच चूक सांगायला हवी.

मी बावीस वर्षं पीण्या नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात तपासणीचं काम केलं. पंपांचे आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग बनायचे. मी त्यांचे व्यास मोजायचो, जाडी मोजायचो, मापात बसणारे एका ट्रेमध्ये आणि न बसणारे दुसऱ्या ट्रेमध्ये ठेवायचो. चिकपेटच्या मागच्या गल्लीत आमचं घर, चार पिढ्यांचं. आधी बसने आणि मग मेट्रोने मी पीण्याला जायचो. संध्याकाळी घरी आलो की हाताला कटिंग ऑइलचा वास असायचा आणि आई म्हणायची, "आधी हात धू, मग हुळीला हात लाव." हुळी म्हणजे आमच्याकडची आमटी. आमचं मराठी असंच आहे, त्यात कानडी इतकं मिसळलंय की वेगळं काढता येत नाही.

मी एकोणपन्नासाव्या वर्षात असताना मालकांनी दोनपैकी एक शेड विकली. मला म्हणाले, राहा, पण पगार निम्मा. मुलगी म्हैसूरला होस्टेलवर राहून शिकते, तिची अजून दोन वर्षं बाकी. ओळखीच्या एकाने मस्कतमधल्या पंप-दुरुस्तीच्या कंपनीत तपासनिसाची जागा असल्याचं सांगितलं. दोन वर्षांचा करार. मी हिशेब केला आणि गेलो.

जाण्याआधी मी माझं पगाराचं बचत खातं बंद केलं. परदेशात राहायला जाणाऱ्याने इथलं साधं खातं तसंच चालू ठेवायचं नसतं, ते वेगळ्या प्रकारात बदलून घ्यायचं असतं, असा नियम आहे. कारखान्यातले लोक म्हणाले, कोण बघायला येतंय. पण नियम म्हणजे नियम. बदलून घ्यायची चौकशी केली तर त्या बँकेत किमान शिल्लक बरीच ठेवावी लागणार होती. मग म्हटलं, बंदच करू. पैसे तर बायकोच्या आणि आईच्या खात्यात जाणार. माझ्या नावाचं एकही खातं या गावात उरलं नाही, याकडे तेव्हा लक्ष गेलं नाही.

एप्रिल अखेरीस पहिला पगार झाला. घरखर्चाचे पैसे बायकोला आणि शंभर रियाल आईला, असं ठरलं होतं. पहिल्या महिन्यात दुसरं काही माहीत नव्हतं, म्हणून पगार ज्या बँकेत होत होता तिथूनच सरळ पाठवले. पाच दिवस लागले. त्या बँकेने शुल्क घेतलं, भाव कमी दिला, वाटेत कुठल्या तरी मधल्या बँकेने आणखी काही कापलं. आईचा फोन आला शनिवारी.

आईचा नियम असा: महिन्याच्या पहिल्या शनिवारी बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं. हा मुळात वडिलांचा नियम. वडील चिकपेटमधल्या साड्यांच्या एका ठोक दुकानात छत्तीस वर्षं मुनीम होते. ते गेल्यावर आईने नियम चालू ठेवला, जरी तिच्या खात्यात खालच्या खोलीच्या सहा हजार भाड्याशिवाय काही जमा होत नसे. डोळे अधू झाल्यापासून ती काउंटरवरच्या बाईंना नोंदी मोठ्याने वाचायला सांगायची. बाई कानडी, स्वभावाने शांत. मागे रांग असली तरी वाचायच्या.

"आज बाईंनी तुझं नाव वाचलं," आई म्हणाली.

"किती आले?"

"पूर्ण नाव वाचलं. ह्यांच्या नावासकट. मागं चार माणसं उभी होती."

"आई, आकडा सांग."

"वीस हजार सहाशे की काय."

"सहाशेवर किती?"

"बारा असेल. त्या म्हणाल्या, अम्मा, मगा नेमाचा आहे हं तुमचा." मगा म्हणजे कानडीत मुलगा.

"म्हणजे हजाराच्या वर गेले वाटेत," मी म्हणालो. आणि उरलेला फोन मी तिला शुल्क कुठे कुठे लागलं ते समजावण्यात घालवला. तिने ऐकून घेतलं. त्या पैशांतून तिने बायकोला एक इरकल साडी घेतली, नातीला म्हैसूरला पाठवायला चकल्या केल्या, आणि बाईंसाठी डब्यातून थोड्या नेल्या. हे मला बायकोने सांगितलं. आई मला फक्त म्हणाली, "साडी चांगली मिळाली."

मग मी बँक निवडायला बसलो.

पूर्ण मे महिना मी ते काम केलं. सहा ठिकाणं घेतली: दोन बँका, तीन पैसे पाठवणाऱ्या पेढ्या आणि आईची बँक, कारण परदेशात राहणाऱ्यांसाठी खातं तीही उघडत होती. अकरा रकाने आखले. रियालचा भाव, बाजारभावाशी फरक, शुल्क, कर, वाटेतली कपात, लागणारे दिवस, सुट्टीच्या दिवशी चालतं का, किमान शिल्लक, कागदपत्रं, तक्रार कुठे करायची, आणि शेवटी आईच्या हातात पडणारी रक्कम. रोज संध्याकाळी भाव टिपायचे. खोलीत आम्ही चौघे. त्यातला एक सांगलीकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो मला इन्स्पेक्टर म्हणायचा.

"इन्स्पेक्टर, स्थळं किती आली?"

"सहा."

"अहो, पत्रिका एवढी बारीक बघितली असती तर माझं लग्न झालं नसतं."

"भावात सव्वा रुपयाचा फरक पडतोय."

"सव्वा रुपया. आणि तुम्ही गुरुवारी त्या उन्हात दीड तास चालत जाऊन भाव बघून आलात. घामाचा रकाना आहे का त्यात?"

त्याला माझ्या मराठीचीही गंमत वाटायची. तुमचं मराठी कानडीत भिजवून वाळत घातलंय, म्हणायचा. पण सुट्टीच्या दिवशी मी आईशी बोलायला लागलो की तो मोबाइल खाली ठेवून ऐकत बसायचा. एकदा म्हणाला, "तुमच्या आई 'सरी' म्हणतात ना, ते ऐकायला बरं वाटतं. आमच्याकडं सीमेवरची माणसं म्हणतात."

तक्त्यात एक पेढी पहिली आली. भाव चांगला, शुल्क एकच रियाल, पैसे पाच मिनिटांत. आईची बँक सहावी आली. खातं उघडायला शाखेत जातीने हजर राहावं लागे, मोबाइलवरचं ॲप अडकायचं, दहा हजार शिल्लक पडून राहणार होती. मी तिच्यावर आडवी रेघ मारली आणि जूनपासून पेढीतून पैसे पाठवू लागलो.

तिथल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. काम तेच होतं, व्यास आणि जाडी. मशीनं इथल्याहून चांगली. पण महिन्यातली एक संध्याकाळ वेगळी असायची, पगार झाल्यानंतरचा गुरुवार. पेढीत टोकन घेऊन बसायचं. साठ-सत्तर माणसं, प्रत्येकाच्या कानाला फोन. हळू आवाजात बोलायची, वेगवेगळ्या भाषांत, पण बोलणं एकच असावं: आत्ता पाठवतोय, अर्ध्या तासात बघ. मी बेंगळुरूची वेळ मोजायचो. मस्कतला साडेसहा, म्हणजे बेंगळुरूला आठ. चिकपेटमधली दुकानं शटर अर्धं ओढून आवरायला लागली असतील. दिवसभर उलगडलेल्या साड्या परत घडी होत असतील, आणि नव्या कापडाचा खळीचा वास गल्लीभर असेल. बायको मेट्रोच्या जिन्यावरून येत असेल, हातात कोथिंबीर. आई दारातल्या पायरीवर बसून येणाऱ्या माणसांच्या पावलांवरून कोण ते ओळखत असेल. हे सगळं मला टोकन क्रमांक पुकारला जाईपर्यंत दिसायचं. खिडकीपाशी गेलो की आकडे सुरू व्हायचे, आणि त्याचं मला बरंच वाटायचं. पावती घेऊन बाहेर पडलो की पुन्हा महिनाभर हात रिकामे.

मला वाटायचं, पैसे पाच मिनिटांत घरी पोहोचतात म्हणजे त्यांच्याबरोबर थोडासा मीही पोहोचतो. हे मी कुणाला बोललो नाही.

आईशी पैशांचं बोलणं मात्र दर वेळी एकसारखं व्हायचं.

"आले का?"

"आले म्हणे."

"म्हणे काय? बाईंनी वाचलं नाही?"

"वाचलं. कुठल्या तरी कंपनीचं नाव आहे, वाचताना त्यासुद्धा अडखळल्या."

"तीच ती पेढी. पैसे माझेच आहेत, आई. या मार्गाने हजार रुपये जास्त पोहोचतात तुला."

"सरी," आई म्हणायची.

'सरी' म्हणजे ठीक आहे. आमच्या घरात वाद मिटला तरी सरी म्हणतात आणि बोलणं थांबवायचं असलं तरी सरीच म्हणतात. मी ते पहिल्या अर्थाने घेत राहिलो.

नोव्हेंबरात बायको तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"अहो, आई डॉक्टरांना म्हणाल्या, पैशांची सोय झाली की येते."

"पैशांची सोय? सहा महिन्यांचे जमलेत तिच्या खात्यात."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतात, तू मध्ये पडू नको, आमचं आम्ही बघू. मी माझ्या खात्यातून भरते म्हटलं तर दोन दिवस बोलल्या नाहीत."

मी चिडलो. सहाही पावत्यांचे फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवले. ज्या बाईला समोरचं कॅलेंडर दिसत नाही तिला मी पावत्यांचे फोटो पाठवले. मापं मोजणारा माणूस मी, पण त्या दिवशी हे लक्षात आलं नाही.

जानेवारीचा पगार बरोबर घेऊन, तीन आठवड्यांच्या रजेवर, मी एक तारखेला घरी आलो. सात तारखेला पहिला शनिवार होता. आई म्हणाली, "बँकेत येतोस? पावत्या असतील तर घे." पावत्या माझ्याकडे होत्याच, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावलेल्या. बायकोची शनिवारची अर्धी रजा होती, तीही आली.

आता पुन्हा त्या काउंटरवर येतो.

अनामत म्हणजे काय ते मला वेगळं समजावून द्यायची गरज नव्हती. मुनिमाच्या घरात वाढलोय. दुकानात एखादी रक्कम आली आणि ती कुणाची हे कागदावर नसलं, तर ती विक्रीत धरायची नाही, मालकालाही द्यायची नाही. वहीत अनामतचं वेगळं पान असतं, तिथे लिहून ठेवायची. देणारा कागद घेऊन समोर आला की मगच ती त्याच्या नावावर घ्यायची. वडिलांनी एकदा गदगच्या कुणा व्यापाऱ्याचे अकराशे रुपये, ज्यांवर नाव नव्हतं, चार वर्षं अनामत ठेवले होते. दुकानात तंगी होती, मालक म्हणाले, मुनीमजी, घ्या ते खर्चाला. वडिलांनी घेतले नाहीत. चार वर्षांनी तो व्यापारी चिठ्ठी घेऊन आला. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की व्यापाऱ्याच्या टोपीचा रंगही मला सांगता येईल. पण ती माझ्याच पैशांना लागू होईल असं कधी वाटलं नाही.

"आई, मी तुला दर महिन्याला फोनवर सांगत होतो की माझे आहेत."

"फोनवर रोज कुणीतरी सांगतं. परवा एकजण सांगत होता, मी बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद पडणार."

"अगं, माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आजकाल आवाजही काढतात म्हणे दुसऱ्याचा. ही म्हणते."

मी बायकोकडे बघितलं.

"मी पेपरातलं वाचून दाखवलं होतं," बायको म्हणाली. "मला काय माहीत तुमच्यावरच लागू करतील. दोनदा तर फोन ठेवल्यावर मला विचारलं, हाच होता ना?"

काउंटरवरच्या बाईंनी हळूच भिंतीकडे बोट केलं. तिथे सूचना लावलेली होती: खात्यात अनोळखी रक्कम जमा झाल्यास खर्च करू नका, शाखेला कळवा. "अम्मांना मीच वाचून दाखवली होती," बाई कानडीत म्हणाल्या. "जूनमध्ये त्यांनी विचारलं, ही कंपनी कोण? मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, मुलाला विचारा. त्यांनी कळवलंही रीतसर, अर्ज दिला. आमच्या साहेबांनी सांगितलं, रक्कम ठीक दिसते. पण त्या म्हणाल्या, ठीक दिसणं वेगळं."

माझं सगळं आयुष्य हेच वाक्य बोलण्यात गेलं आहे. नग ठीक दिसतो म्हणून मी कधी पास केला नाही.

आईने तेवढ्यात पिशवीतून एक वही काढली. वडिलांची जुनी, लाल कापडी बांधणीची, मागची काही पानं कोरी राहिलेली. एका पानावर तिने स्वतः लिहिलं होतं. दिसत नसल्यामुळे अक्षरं मोठी, एकेक आकडा दोन-दोन ओळी व्यापणारा, आणि ओळ उजवीकडे खाली घसरत गेलेली. वर 'अनामत', खाली आठ रकमा, आणि बेरीज. मी उभ्या उभ्या बेरीज ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली. बरोबर होती. तिने ती तोंडी केली होती.

"पहिल्या महिन्यात नाव होतं," आई म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, काउंटरच्या काचेकडे बघून. "मग गेलं. मला वाटलं, कंपनीला सांगून ठेवलंस. दर महिन्याला म्हातारीला पाठवत जा म्हणून. तिकडच्या माणसांना वेळ नसतो, ते असं लावून देतात, समोरची ती शिवणकाम करणारी बाई सांगत होती. तिच्या मुलाचे तसेच येतात. तीन वर्षं येतात. मुलगा आला नाही."

मी आकडा सांगितला. म्हटलं, "आई, बँकेतून पाठवण्यापेक्षा महिन्याला एक हजार चाळीस वाचत होते. आठ महिन्यांचे आठ हजार तीनशे वीस."

"महिन्याला हजार," आई म्हणाली. "बरा भाव आला की नावाला."

बायकोने तोंड दुसरीकडे केलं. हसू लपवण्यासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही.

मी फोल्डर उघडून आठ पावत्या काचेखालून आत सरकवल्या. बाईंनी त्या एकेक घेतल्या. तारीख, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, हे पासबुकातल्या ओळीशी जुळवायचं, आणि मग पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव वाचायचं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. जून. जुलै. ऑगस्ट. प्रत्येक नावानंतर आई वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवायची आणि बायको तिथे रेघ मारायची. मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "मॅडम, स्वल्प लवकर, काय चाललंय?" बाई मान वर न करता म्हणाल्या, "यांचा मुलगा आलाय." मलाच वाटत होतं की लवकर आटपावं, आठ वेळा स्वतःचं नाव ऐकणं सोपं नसतं. डिसेंबरपाशी बाई थांबल्या, एक आकडा त्यांना नीट लागत नव्हता, त्यांनी पावती उजेडात धरली. आईचं बोट वहीवर तसंच थांबलं होतं. आकडा लागला. बाईंनी नाव वाचलं.

आठवी रेघ मारून झाल्यावर आई म्हणाली, "सरी." या वेळी कुठल्या अर्थाने, ते मला कळलं.

त्याच दिवशी त्याच शाखेत मी परदेशात राहणाऱ्यांसाठीचं खातं उघडायला अर्ज दिला. तक्त्यातली सहावी बँक. पासपोर्ट, व्हिसा, तिकडचं ओळखपत्र, दोन फोटो, दहा हजार रुपये. बाई म्हणाल्या, पेढीतून पैसे या खात्यात पाठवा, आणि इथून मोबाइलवरून अम्मांच्या खात्यात वळवा, त्याला शुल्क नाही. आणि मग नाव तुमचंच येईल. मी मनात हिशेब केला. भाव तोच, शुल्क तेच, फक्त एक पायरी जास्त. जाण्याआधीच हे खातं उघडलं असतं तर आठ महिने हे करता आलं असतं. मी कधी विचारलंच नव्हतं, कारण पासबुकात काय छापून येतं हा माझ्या अकरा रकान्यांपैकी एकही नव्हता.

बारा तारखेला आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पैसे तिने स्वतः भरले. धनादेशावर सही करताना म्हणाली, "जागा दाखव, कुठं करू," आणि मी तिचं बोट धरून ओळीवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण निभावलं. पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"काय गं?"

"किती काळा पडलास. फोनवर गोरा वाटायचास."

एकवीस तारखेला मी परत गेलो. ती पायरीवर बसली होती. ऑटो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी मागे बघत होतो, आणि या वेळी मला ठाऊक होतं की तिलाही मी तिथवर दिसतोय. आधीच्या खेपेपेक्षा हे जाणं जास्त जड गेलं.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी मी पेढीत टोकन घेऊन बसलो. पैसे माझ्या खात्यात आले, तिथून मी आईच्या खात्यात वळवले. ॲप दोनदा अडकलं. शनिवारी सकाळी साडेनऊला खोलीत असताना आईचा फोन आला, म्हणजे तिकडे अकरा वाजले होते.

"बँकेत आहे. बोलू नको, ऐक."

मग फोन काचेजवळ नेल्यासारखा आवाज आला. टोकनची घंटी, खुर्ची सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, पासबुकाच्या मशीनची करकर. आणि बाईंनी वाचलं. तारीख, रक्कम, माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. चिकपेटच्या त्या शाखेत माझं नाव मोठ्याने घेतलं जात होतं आणि मी तिथे नव्हतो. खिडकीबाहेर मस्कतचं ऊन होतं, पांढरं, कुठलाच वास नसलेलं.

"आई," मी म्हणालो, "आता तुला वाचता येतं की."

"येतं."

"मग बाईंना कशाला त्रास?"

"मी वाचलं तर मला एकटीलाच ऐकू येतं."

तिने फोन ठेवला. सांगलीकर भिंतीला टेकून चहा पीत होता. म्हणाला, "काय इन्स्पेक्टर, या वेळी किती वाचले?"

मी माझी हिशेबाची वही काढली आणि किती वाचले ते न मांडता लिहिलं: सात मार्च, शंभर रियाल. दिले बावीस हजार एकशे छप्पन्न रुपये, आईला.